जिवाणूचं कवच म्हणजे थिजलेलं तूप नव्हे

आमच्या अपार्टमेंटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा: प्रत्येक जिवाणूभोवती चरबीचं कवच असतं; ते थिजलेल्या तुपासारखं निर्जीव असतं; रोज सकाळी कोमट पाण्यात लिंबू पिळून प्या, कवच वितळेल, जिवाणू मरेल; अँटिबायोटिक हवंच कशाला? मी नागपुरात धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. दिवसभर डोळ्यांसमोर याच जिवाणूंच्या स्लाइड असतात, त्यामुळे गप्प बसवेना.

'प्रत्येक जिवाणू' या पहिल्या दोन शब्दांतच घोळ आहे. हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी १८८४ मध्ये सांगितलेली रंगवायची पद्धत आम्ही आजही, थोड्या बदलांसह, रोज वापरतो. आधी जांभळा रंग, मग आयोडिन, मग अल्कोहोलनं धुवायचं, शेवटी गुलाबी सॅफ्रानिन. पुवातला स्टॅफिलोकोकस हा जिवाणू द्राक्षांच्या घडासारखा जांभळाच राहतो. त्याला बाहेरचं चरबीचं पटल, म्हणजे मेसेजमधलं कवच, नसतंच. लघवीतला ई. कोलाय गुलाबी दिसतो, कारण अल्कोहोलनं त्याचं बाहेरचं पटल विरघळवलं आणि आतल्या पातळ भिंतीतून जांभळा रंग धुऊन निघाला. म्हणजे कवच विरघळतं खरं, पण काचेवर, अल्कोहोलनं.

आता तूप. ई. कोलायचं बाहेरचं पटल सावजी रश्श्यावरच्या तर्रीसारखं नुसतं तरंगत नसतं. त्याला दोन पदर असतात आणि दोन्ही वेगळे: आतला फॉस्फोलिपिड नावाच्या चरबीचा, बाहेरचा लिपोपॉलिसॅकराइडचा, म्हणजे एलपीएसचा; यात चरबीला साखर जोडलेली असते. एलपीएसचे शेजारी-शेजारी रेणू कॅल्शियम-मॅग्नेशियमनं एकमेकांना जखडलेले असतात.

'निर्जीव' हा शब्द मात्र मला सगळ्यात जास्त खुपला. ई. कोलायला या पटलाच्या आत आणखी एक पटल असतं, आणि बाहेरच्या पटलाचा माल तयार होतो त्या आतल्या पटलात. तिथून बाहेर जायचं तर मधे पाणथळ पोकळी, आणि त्या पोकळीत एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, अजिबात नाही. चरबीनं पाणी ओलांडायचं कसं? त्यासाठी एलपीटी नावाची सात प्रथिनं, ए पासून जी पर्यंत, मिळून एक पूल बांधतात. पुलाला तेलकट खाच असते. एलपीएसचं चरबीचं शेपूट त्या खाचेत दडतं, साखरेचा भाग बाहेर पाण्यात राहतो. इंधन जळतं ते फक्त आतल्या टोकाला. दिवाळीतला शेवेचा सोऱ्या आठवा: दांडा मागून दाबायचा, शेव पुढून पडते. तसंच इथं मागचा रेणू पुढच्याला रेटतो आणि शेवटचा रेणू बाहेरच्या पटलातल्या दारातून थेट बाहेरच्या पदरात जाऊन बसतो. एका ई. कोलायवर एलपीएसचे साधारण दहा लाख रेणू असतात आणि सगळं मनासारखं मिळालं तर तो वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे मिनिटाला पन्नासेक हजार रेणू. याला निर्जीव म्हणायचं?

फॉस्फोलिपिडं बाहेर कशी जातात हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. अलीकडे ई. कोलायमध्ये वायएचडीपी, टॅमबी आणि वायडीबीएच ही तीन लांबोळी प्रथिनं पुढे आली. तिन्ही एकदम काढली तर जिवाणू जगत नाही. डागडुजीचीही सोय आहे. चुकून बाहेरच्या पदरात घुसलेलं फॉस्फोलिपिड एमएलए यंत्रणा उचलते आणि परत आत नेऊन सोडते. २००९ मध्ये ही यंत्रणा उजेडात आली.

कोमट पाण्याचं फार लिहीत नाही. पोटात गेल्यावर थोड्याच वेळात ते ३७ अंशांच्या आसपास येतं, आणि ई. कोलाय आपल्या आतड्यात ३७ अंशांवरच सुखानं नांदतो. वर तापमान बदललं की तो आपल्या चरबीतली आम्लं बदलून पटल हवं तितकं मऊ ठेवतो. लिंबाचं आम्ल? जठरातलं आम्ल त्याहून तिखट असतं. आणि समजा, रक्तात शिरलेल्या जिवाणूंचं कवच खरंच सुटलं, तर आनंद मानू नका. मोकळं झालेलं एलपीएस हेच एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूचं विष; थंडी वाजून ताप, रक्तदाब कोसळणं, हे त्याचेच प्रताप.

अँटिबायोटिकचा मुद्दा तर साफ उलटा आहे. व्हँकोमायसिनसारख्या अँटिबायोटिकचा मोठा रेणू याच पटलाला अडतो, म्हणून ई. कोलायसारख्या गुलाबी जिवाणूंवर तो चालत नाही. आता औषधं त्या पुलावरच नेम धरू लागली आहेत. झोसुराबाल्पिन हे नवं औषध असिनेटोबॅक्टर या जिवाणूचा एलपीटी पूल आतल्या टोकालाच अडवतं. एलपीएस आतच तुंबतं आणि जिवाणू मरतो. २०२४ च्या सुरुवातीला हे 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. औषध अजून दुकानात मिळत नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय निघाला होता. मेसेज वाचून त्यांनी तिसऱ्याच दिवशी गोळ्या बंद केल्या आणि आठवड्यात ताप परत आला. मी म्हटलं, काकू, लिंबूपाणी प्या, मे महिन्यात नागपुरात प्यायलाच हवं, मीठ-साखर घालून प्या. पण गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तितके दिवस घ्या. त्या म्हणाल्या, "अरे, पण ग्रुपवर तर वेगळंच लिहिलंय." म्हणून हे लिहून त्यांच्याच हाती दिलं. ग्रुपवर आता त्याच टाकणार आहेत.