ओळख परेड हमखास यशस्वी कशी कराल?

आरोपी हाती लागलाय, पण साक्षीदार डळमळतोय? काळजी सोडा. ओळख परेड कशासाठी आहे?

फौजदारी नियमावली सांगते, एका संशयितामागे किमान सहा डमी, म्हणजे रांगेत त्याच्यासोबत उभी करायची, गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसं. सहा तर सहा! दिसायला सारखे हवेत, ही अट मात्र फार मनावर घेऊ नका. आरोपी विशीतला, दाढी वाढलेला असेल, तर नाक्यावरून पन्नाशीचे सहा ढेरपोटे उचलून आणा. इस्त्रीचे शर्ट असले तर उत्तमच. आरोपी मात्र कोठडीतल्या चुरगळलेल्या कपड्यांत आणि अनवाणी.

साक्षीदाराला आदल्या दिवशी ठाण्यात बोलवा, बाकावर बसवा, कटिंग पाजा. तेवढ्यात आरोपीला समोरून मुतारीकडे नेलं, तर तो निव्वळ योगायोग. बुरखा? घालायचाच की, कॅमेरेवाले आले की.

परेडच्या वेळी पोलिसांनी हजर राहायचं नसतं. नका राहू. दारापाशी सोडताना ‘नीट बघा, त्यातच आहे’ एवढं पुटपुटलात तरी भागतं. ‘कदाचित त्यात नसेलही’ हे मात्र चुकूनही बोलू नका. ते ऐकलं की माणूस आठवायला लागतो. नाही ऐकलं, तर सातांतला त्यातल्या त्यात जवळचा निवडून मोकळा होतो.

परेड घेणाऱ्यालाच संशयित कोण ते माहीत नसावं, असं मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं. परेड घ्यायला येणाऱ्या आपल्या नायब तहसीलदारांना तर पोलिसांच्या पत्रातच नाव कळवलेलं असतं! साक्षीदार भलत्यापाशी थांबला की ते ‘सावकाश बघा’ म्हणतात, बरोबर माणसापाशी थांबला की पेनाचं टोपण काढतात. बिचाऱ्यांच्या मनातही काही नसतं.

नंतर साक्षीदाराची पाठ थोपटायला विसरू नका. अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात, १९८४ साली बलात्काराच्या गुन्ह्यात रोनाल्ड कॉटनला आधी फोटोंत दाखवलं, मग रांगेत. दोन्हीकडे असलेला चेहरा एकच, त्याचा. ‘फोटोतही तुम्ही यालाच ओळखलं होतं’ असं पोलिसांनी सांगितल्यावर पीडितेची उरलीसुरली शंकाही गेली. पुढे खरा गुन्हेगार कोर्टात समोर आणला, तर त्याला तिने कधी पाहिलेलंच नव्हतं! डीएनएने १९९५ साली घोळ घातला, तोवर कॉटनची साडेदहा वर्षं तुरुंगात गेली होती. साक्ष कशी, तर इतकी ठाम हवी.

राहता राहिला पंचनामा. ‘साक्षीदाराने कोणताही संकोच न करता ओळखले’ हे वाक्य आदल्या रात्रीच टाइप करून ठेवा. फक्त ‘डावीकडून कितवा’ एवढी जागा कोरी सोडा. कुठे उभं राहायचं ते आरोपीला ठरवू द्यायचं असतं, आणि नियम म्हणजे नियम.