दाढेतलं सिमेंट आठ महिन्यांत निघालं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा राग रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: भरलेले दात का टिकत नाहीत या लेखात मी ब्रश, गोड खाणं आणि झोपेत दात खाण्याची सवय यांवरच बोलले आणि सगळं खापर पेशंटवर फोडलं. तुमच्या खालच्या दाढेत, शेजारच्या दाढेला लागून असलेल्या बाजूला भरलेलं सिमेंट मात्र नीट ब्रश करूनही आठ महिन्यांत अख्खं निघून हातात आलं. म्हणजे डॉक्टरांनी हलकं मटेरियल वापरलं.

पहिला आक्षेप मान्य. दुसरा नाही.

सिमेंटच्या कडेनं पुन्हा कीड लागून ते सैल व्हायला साधारणपणे काही वर्षं जातात. तोंडाला सतत कोरड असेल किंवा दिवसभर गोड चालू असेल तर लवकर होतं, पण तेही एकदम अख्खा तुकडा सुटण्याच्या रूपात सहसा दिसत नाही. पहिल्या वर्षभरात जे सुटतं किंवा मोडतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा दात भरला त्या तासाभरातच असतं. लवकर बिघडणं आणि उशिरा बिघडणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. हे मूळ लेखात यायलाच हवं होतं, तो भाग मी दुरुस्त करते आहे.

आता मटेरियल. दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट, म्हणजे लाइटच्या प्रकाशानं घट्ट होणारं मटेरियल, आपणहून दाताला चिकटत नाही, ते काम बाँडिंगचं, म्हणजे आधी लावायच्या चिकट द्रवाचं. आधी साधारण ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं जेल लावतात: इनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण कवचावर, १५ ते ३० सेकंद, त्याच्या आतल्या थरावर, म्हणजे डेंटिनवर, १५ सेकंदांच्या वर नाही. धुऊन वाळवल्यावर इनॅमल खडूसारखं पांढरं दिसतं. डेंटिनमध्ये कोलॅजनच्या धाग्यांचं जाळं उघडं पडतं आणि बाँडिंग त्यात मुरायचं असतं. हवा मारून जास्त सुकवलं तर ते जाळं चेपतं आणि बाँडिंग वरच राहतं. पाणी जास्त राहिलं तर पकड कच्ची राहते. याच टप्प्यावर लाळ किंवा हिरडीचं रक्त लागलं तर ते साफ करून जागा पुन्हा तयार करावी लागते. तसंच पुढे रेटलं तर कितीही भारी कॉम्पोझिट असो, त्याला धरायला काही उरत नाही. रबर डॅमचा, म्हणजे दात लाळेपासून वेगळा ठेवणाऱ्या रबराच्या पडद्याचा, आग्रह धरतात तो यासाठी.

तुमच्या दाढेसारख्या पोकळीत अवघड जागा एकच असते: दोन दाढांमधल्या फटीतला पोकळीचा तळ, हिरडीच्या अगदी लगतचा. तिथलं इनॅमल पातळ असतं, कधी नसतंच, म्हणजे पकड मुळात कमी. हिरडीतून सतत ओल झिरपते. आणि कॉम्पोझिट घट्ट करणाऱ्या लाइटचं टोक दाढेच्या उंचवट्यांवर अडतं, त्यामुळे तळ त्यापासून कित्येक मिलिमीटर लांब राहतो आणि अंतर वाढलं की प्रकाश झपाट्यानं कमी होतो. साधं कॉम्पोझिट एका वेळी २ मिलिमीटरच्या थरानंच भरायचं असतं. घाईनं जाड थर घातला तर वरून दगडासारखं लागतं आणि तळाशी कच्चं राहतं, जे वरून टोचून कळत नाही. शिवाय घट्ट होताना ते साधारण २ ते ३ टक्के आक्रसतं. पकड कच्ची असेल तर ते तळापासूनच सुटतं, केसाएवढी फट पडते आणि पुढे कीड तिथूनच शिरते. पोकळीत आधी लवंगतेलाचं तात्पुरतं सिमेंट असेल आणि ते पूर्ण निघालं नसेल, तरी वरचं कॉम्पोझिट नीट घट्ट होत नाही.

निघालेला तुकडा ठेवला असेल तर तो पाहा, बरंच कळतं. तुकडा अखंड, आतली बाजू स्वच्छ आणि दाढेतला खड्डा पूर्ण रिकामा असेल तर बाँडिंगनं दगा दिला. अर्धा तुकडा हातात आणि उरलेला दाढेतच असेल तर सिमेंट मोडलं आहे: थर पातळ होता, आत हवेचा बुडबुडा राहिला किंवा चावताना तिथे जास्त दाब येत होता. तुकड्याला दाताचाच टवका चिकटलेला असेल तर दाढेची भिंत तुटली आहे, आणि मग नुसतं पुन्हा भरून भागणार नाही, कॅपचा विचार करावा लागेल. तुम्ही लिहिलंय त्यावरून पहिली शक्यता मोठी वाटते, पण दाढ पाहिल्याशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही.

भरलेलं नक्की काय होतं, तेही विचारा. आपण सगळ्यालाच सिमेंट म्हणतो. ते कॉम्पोझिट नसून साधं ग्लास आयोनोमर असेल, तर ते दाताला स्वतःहून चिकटतं, फ्लोराइडही सोडतं, पण ठिसूळ असतं. दाढेच्या दोन बाजूंना मिळून मोठा भाग भरायला ते कमी पडतं. तसं झालं असेल तर निवड चुकली. मटेरियल हलकं होतं असा त्याचा अर्थ नव्हे.

पुन्हा भरताना डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायला अजिबात संकोचू नका: दाढ कोरडी कशी ठेवणार, थर कितीचे घालणार, आणि शेजारच्या दाढेशी घट्ट टेकावं म्हणून बँड (दाढेभोवतीची पातळ पट्टी) आणि वेज (दोन दाढांमध्ये सारायची छोटी पाचर) लावणार का. टेकलं नाही तर रोज तिथे अन्न अडकेल. भरून झाल्यावर कार्बन पेपर चावायला देतात, पण जबडा बधिर असताना माणूस नेहमीसारखं चावत नाही. दुसऱ्या दिवशी तो दात आधी टेकतोय असं वाटलं तर लगेच जाऊन घासून घ्या, ‘सवय होईल’ म्हणून थांबू नका.

तोवर तुकडा घरच्या गोंदानं चिकटवू नका, त्या बाजूनं कडक काही चावू नका, आणि जाताना तुकडा डबीत घालून बरोबर न्या.