बंद पडलेलं पाकीट आणि ‘घरी करा की’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे आणि मुद्द्याला धरून आहे, म्हणून दोन ओळींत बोळवण न करता सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी आधीचा लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. मी अनेक वर्षं एक शाकाहारी कोरडं मिश्रण वापरत होते. सोया, ग्लूटेन (गव्हातलं चिकट प्रथिन), ओट्स, वाळवलेला कांदा, थोडी सुगंधी पानं. गार पाणी घालायचं, झाकून ठेवायचं, फुगलं की हाताने लांबट वळायचं आणि थोड्या तेलात परतायचं. कंपनीने ते बनवणं बंद केलं. जाहीर काही केलं नाही. पाकिटं मिळेनाशी झाली आणि विचारल्यावर ‘हे उत्पादन आता उपलब्ध नाही’ एवढंच कळलं. त्या पदार्थाची मला फार उणीव भासते आणि असं काही बंद करताना त्याची कृती खुली करायला हवी, असं मी लेखात म्हटलं होतं.

त्यावर तुम्ही लिहिलंत की एका पाकिटासाठी इतकं हळहळणं म्हणजे आठवणींना कुरवाळत बसणं आहे; आठवणीतली चव नेहमीच गोड लागते. कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं खाणं बंद पडलं तर बरंच झालं. इतकंच आवडत असेल तर घरी करा. शाकाहारी माणसाला मांसासारखं दिसणारं काही खावंसं वाटावंच का? आणि ज्यात फायदा नाही ते कंपनीने का बनवत राहावं? तुम्ही स्वतः अन्नप्रक्रियेच्या कारखान्यात काम केलं आहे हेही तुम्ही सांगितलंत. म्हणून तर तुमच्याशी बोलावंसं वाटतं.

‘घरी करा’पासून सुरुवात करते. लेखाखाली बऱ्याच जणांनी हेच सुचवलं आहे.

पाकिटावर घटकांची यादी असते हे खरं. बहुतेक देशांत ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, म्हणजे सोया पहिलं असेल तर ते सगळ्यात जास्त. पण किती जास्त? सोया 40 टक्के आणि ग्लूटेन 38, की सोया 60 आणि ग्लूटेन 15? छापल्यावर दोन्ही याद्या सारख्याच दिसतात, घास मात्र पार वेगळा. शेवटी ‘स्वाद’ असा एक शब्द असतो. त्यात काय काय आलं ते बनवणाऱ्यालाच ठाऊक.

शिवाय त्यातलं सोया म्हणजे नुसतं सोयाबीनचं पीठ नव्हे. तुम्हाला हे माहीत असणार, इतरांसाठी सांगते. तेल काढून घेतलेल्या सोया पिठात साधारण 50 टक्के प्रथिनं असतात. ते पाण्यासह एक्स्ट्रूडर नावाच्या यंत्रात जातं. आत स्क्रू फिरत असतो, तापमान 100 अंशांच्या बरंच वर गेलेलं असतं, पण दाब इतका की पाण्याची वाफ होत नाही. प्रथिनं मऊ होऊन एका दिशेने ओढली जातात. तोंडाशी असलेल्या बारीक भोकातून माल बाहेर आला की दाब एकदम उतरतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती निसटताना आत असंख्य पोकळ्या सोडून जाते. भिजवल्यावर पाणी धरून ठेवणारा, दाताला किंचित विरोध करणारा तो कण असा तयार होतो. कुकर, मिक्सर, ओव्हन, कशानेही हे साधत नाही. तयार सोया ग्रॅन्यूल्स मिळतात, तेही वापरून पाहिले. त्यांचा कण मोठा असतो. बारीक करायला गेलं तर निम्म्याचा भुगा होतो आणि तो भुगा भिजला की लगदा.

ग्लूटेनचं मात्र घरी जमतं. गव्हाच्या पिठाचा घट्ट गोळा पाण्यात चोळत राहायचा. पाणी दुधासारखं होतं, स्टार्च निघून जातो आणि हातात करड्या रंगाचा, रबरासारखा ताणला जाणारा गोळा उरतो. चीनमधले बौद्ध भिक्षू शतकानुशतकं त्याचे पदार्थ करत आले आहेत.

खरं घोडं पेंड खातं ते बांधणीपाशी. यादीत अगदी शेवटी एक नाव होतं, मिथाइल सेल्युलोज. युरोपात त्याचा क्रमांक ई 461. वनस्पतींमधल्या सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून ही पूड बनवतात आणि तिचं वागणं उलटं आहे: गार पाण्यात विरघळते, तापवली की घट्ट होते, निवली की पुन्हा सैल. स्वयंपाकघरात नेहमी असणारी कुठलीही वस्तू असं करत नाही. स्टार्च तापल्यावर घट्ट होतो खरा, पण निवल्यावर आणखीच बसतो. त्यामुळे ते मिश्रण गरम पॅनमध्ये पडलं की सुटण्याऐवजी आवळलं जायचं. उलथन्याने कसंही फिरवा, तेलात एक कण पडायचा नाही. आणि खाण्याइतपत निवेपर्यंत आतून मऊ झालेलं असायचं. घरी मी बटाट्याचा स्टार्च घालून पाहिला, जवस भिजवून घातलं, ओट्स वाढवले. दरवेळी तेच. खालची बाजू लालसर होते, कडेला केसाएवढी चीर पडते, उलटताना ती थेट मध्यापर्यंत जाते आणि पॅनमध्ये तेल प्यायलेला चुरा उरतो.

शेवटी मिथाइल सेल्युलोजची पूडही मिळवली. मग कळलं की तिचे कितीतरी प्रकार असतात. एखादा 50 अंशांच्या आसपासच घट्ट होतो, एखाद्याला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. एकाचा गोळा कडक, दुसऱ्याचा लिबलिबीत. पाकिटावर नुसतं नाव होतं, प्रकार नव्हता. घरी केलेलं मी आवडीने खाते, त्याला नावं ठेवत नाही. पण ते वेगळं काहीतरी आहे. मूळ पदार्थ माझ्या हाताबाहेर गेला तो कष्ट कमी पडले म्हणून नव्हे, एक-दोन ओळींची माहिती कुणाच्या तरी फाइलमध्ये पडून आहे म्हणून.

आणि असं पूर्वीही झालेलं आहे. अमेरिकेत मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी ग्लूटेन आणि शेंगदाणे यांपासून प्रोटोज नावाचा मांसाऐवजीचा पदार्थ बनवला होता. त्याबद्दलचं त्यांचं पेटंट 1901 चं आहे. पुढे हा डबाबंद पदार्थ वेगवेगळ्या हातांत जात राहिला, पिढ्यान् पिढ्या लोकांनी तो खाल्ला आणि 2000 साली त्याचं उत्पादन थांबलं. ज्यांनी तो खाल्ला होता ते ग्लूटेन आणि पीनट बटर घेऊन घरी त्याची नक्कल करत राहिले. पेटंट आजही कुणालाही वाचता येतं, पण शेवटच्या डब्यात जी चव होती ती त्या पानांत सापडत नाही. इतक्या वर्षांत कारखान्यात जे बदलत गेलं ते त्यात कसं असणार? पेटंटचं निदान एक बरं असतं. कृती उघड करावी लागते आणि मुदत संपली की, आज बहुतेक ठिकाणी अर्जापासून 20 वर्षांनी, ती सगळ्यांची होते. व्यापारी गुपिताला अशी मुदतच नसते. बनवायचं नाही, विकायचं नाही आणि सांगायचंही नाही, असं कितीही काळ चालू शकतं. माझा राग या तिसऱ्या गोष्टीवर आहे.

आता प्रक्रियेबद्दल. ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडलेल्या नोवा वर्गीकरणात हा पदार्थ चौथ्या, म्हणजे अतिप्रक्रिया केलेल्या गटातच बसेल. मान्य. पण ते वर्गीकरण पदार्थ कसा बनला ते पाहतं. त्यात मीठ किती, तंतू किती, प्रथिनं किती, हे वेगळं पाहावंच लागतं. माझ्या मिश्रणात मीठ जास्त होतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, तेव्हा ते रोज खाण्याचं नव्हतंच. पण ‘बंद पडलं तर बरं’ म्हणताना त्याची जागा काय घेणार हेही विचारायला हवं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2020 मधल्या एका अभ्यासात 36 जणांनी 8 आठवडे मांस आणि 8 आठवडे वनस्पतीजन्य पर्याय खाल्ले. पर्याय खात असताना त्यांचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ समजलं जाणारं कोलेस्टेरॉल कमी भरलं. अभ्यासाला पैसा असे पर्याय बनवणाऱ्या कंपनीनेच दिला होता आणि माणसंही थोडीच होती, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत मी उभी करणार नाही. एवढंच म्हणेन की ‘प्रक्रिया’ या एका शब्दाने निकाल लागत नाही.

त्यात ब 12 जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळीच. वनस्पतीजन्य अन्नातून ते भरवशाने मिळत नाही. प्रौढ माणसाला दिवसाला जवळपास 2.4 मायक्रोग्रॅम पुरतं, पण तेवढं लागतंच. रक्तपेशी आणि मज्जातंतू यांना त्याच्यावाचून चालत नाही. दूध-अंडी न खाणाऱ्यांसाठी असे अनेक पदार्थ ब 12 घालून विकले जातात आणि माझं मिश्रण त्यांतलंच होतं. मी घरी वळलेल्या गोळ्यात ते कुठून येणार? आता गोळी घेते. चालतं. पण जे जेवणातून आपसूक मिळत होतं ते औषधाच्या डबीत गेलं, आणि ज्यांना हे माहीत नाही त्यांच्या ताटातून ते गुपचूप निघून गेलं असेल.

आठवण फसवते, हे तुमचं म्हणणं चवीच्या बाबतीत मी खोडणार नाही. ती चव आज समोर आली तर तेव्हाइतकीच लागेल का, कोण सांगणार. पण ते पॅनमध्ये तुटत नव्हतं, कोरडं असल्यामुळे फ्रिजशिवाय महिनोन् महिने टिकत होतं, थकून आल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत प्रथिनांचं जेवण तयार होत होतं, यात आठवणीने रंग भरायला जागाच नाही. मूळ लेखाखाली ज्यांनी हेच मिश्रण वापरलं होतं त्यांनी आपापलं वर्णन दिलं आहे. एकमेकांना न ओळखणारी माणसं त्याच न तुटणाऱ्या कडेबद्दल बोलत आहेत.

मांसासारखं का खावंसं वाटतं, याचं उत्तर माझ्यापुरतं सरळ आहे. मला प्राणी मारलेला नको आहे. लांबट आकार, खरपूस कड आणि खारट-मसालेदार घास यांच्याशी माझं काही वाकडं नाही. आणि यातले सगळेच पदार्थ मांसाच्या ओढीतून आले असंही नाही. क्वॉर्न या मांसाऐवजीच्या पदार्थातलं मायकोप्रोटीन, म्हणजे बुरशीपासून मिळणारं प्रथिन घ्या. 1960 च्या दशकात जगाला प्रथिनं कमी पडतील अशी भीती होती, म्हणून स्टार्चवर वाढून प्रथिनं देणारी बुरशी शोधली जात होती. ती 1967 मध्ये इंग्लंडमधल्या मार्लो गावाजवळच्या मातीत सापडली आणि 1985 मध्ये बाजारात आली.

राहिला फायद्याचा प्रश्न. कमी खपाचा माल म्हणजे यंत्र थांबवणं, ग्लूटेन आणि सोया ॲलर्जीमुळे सगळी लाइन धुऊन काढणं, थोडा माल काढून पुन्हा तेच. हे परवडत नाही, समजतं. तोटा सोसून बनवत राहा असं मी म्हटलेलं नाही. वेळ असताना सांगा, म्हणजे ज्यांना हवं ते साठा करतील. कुणी लहान उत्पादक बनवायला तयार असेल तर त्याला परवाना द्या. कुणीच नसेल तर काही वर्षांनी कृती छापा. मागणी दिसली की बंद केलेली गोष्ट परत येते हेही आपण पाहिलं आहे: कॅडबरीने 2003 मध्ये बंद केलेलं विस्पा चॉकलेट लोकांनी इंटरनेटवरून लावून धरल्यावर 2007 मध्ये परत आलं. आमच्या मिश्रणाला तेवढे चाहते मिळणार नाहीत. जिथे चाहते थोडे, तिथे कृती देऊन टाकायला कंपनीचं जातं तरी काय?

मी कंपनीला पुन्हा लिहिलं आहे. पूर्ण कृती देता येत नसेल तर सोयाच्या कणाचा आकार आणि मिथाइल सेल्युलोजचा प्रकार एवढं तरी कळवा, अशी विनंती केली आहे. उत्तर आलं तर याच धाग्यात टाकेन.

दरम्यान तुम्हालाच विचारते, कारण तुम्ही हे काम केलेलं आहे. अशा कोरड्या मिश्रणात ही पूड साधारण किती घालतात? मी कोरड्या वजनाच्या 2 टक्क्यांपासून सुरुवात केली, तरी कडा फुटतात. पूड आधी तेलात कालवून मग बर्फाचं पाणी घालावं, की सोया भिजल्यावर वरून भुरभुरावी? आणि फ्रिजमध्ये किती वेळ ठेवावं? सांगितलंत तर लगेच करून बघते.