पेतांकबद्दल लिहायला हवं होतं

दक्षिण फ्रान्सच्या खेड्यांत निवृत्त माणसं दिवसभर कॅफेत बसून असतात, हे तुमच्या लेखातलं वाक्य मला पटलं नाही. तिथल्या युझेस गावाजवळच्या खेड्यात लेकीकडे तीन महिने राहून आले. शेजारच्या ८१ वर्षांच्या आजी शनिवारी युझेसच्या बाजाराला जायच्या म्हणजे जायच्याच. चार पीच आणि बकरीच्या दुधाचं चीज घ्यायला दोन तास लागायचे, कारण भेटेल त्याच्या गालाला गाल लावून विचारपूस व्हायची.

आणि पेतांक, म्हणजे तिथला गोळे टाकायचा खेळ, कसं विसरलात? ऊन उतरलं की झाडाखाली सगळे जमायचे. साडेसहाशे ते आठशे ग्रॅमचा पोलादी गोळा ६ ते १० मीटरवरच्या लाकडी गोटीजवळ टाकायचा. तिला 'डुकराचं पिल्लू' म्हणतात! १९०७च्या सुमारास ला सिओता गावात हा खेळ जन्मला, तो संधिवातामुळे धावत गोळा टाकणं जमेना अशा एका खेळाडूसाठी. पाय जमिनीत रोवून खेळायचं, त्यावरूनच पेतांक हे नाव पडलं. गुडघे दुखतात म्हणून माणसाला बाहेर बसवलं नाही, खेळच बदलला, याचं मला फार अप्रूप वाटतं. माझेही गुडघे दुखतात, पण आजींनी मला रोज हाक मारून नेलं.