नागिणीची चार दारं : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, (निवृत्त शिक्षक असल्याचं तुम्हीच लिहिलंत, म्हणून सर.)

'नागीण झाली तर कुठल्या डॉक्टरकडे जायचं' या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. मी पेशंटला चार दारं हिंडवतो, एरवी गावातला साधा डॉक्टर पुरतो, आणि तुमच्या वडिलांची नागीण मांत्रिकाने आठ दिवसांत उतरवली होती. 'तुम्ही स्पेशालिस्टांचे एजंट दिसता' हे वाक्य मी रागातलं म्हणून सोडून देतो.

दुसरा आक्षेप मान्य. 'आधी स्किनच्या डॉक्टरांकडे जा' असं मी लिहिलं, ते चुकलंच. तालुक्याच्या गावी ते आठवड्यातून एकदा येतात, आणि गुरुवारची वाट बघण्यातच हातचा वेळ जातो. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू झालेलं बरं, आणि ते फॅमिली डॉक्टर लिहून देतात. किडनीचा त्रास असेल तर डोस कमी करावा लागतो. पेशंटचं जुनं दुखणं माहीत असलेल्या डॉक्टरला ते सांगावं लागत नाही. लेखात दुरुस्ती केली आहे.

मांत्रिकाचं मात्र मान्य नाही. अंगाला वेढा घालून नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, ही धास्ती माझ्या आजीलाही होती. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू कण्याजवळ एखाद्या नसेच्या मुळाशी वर्षानुवर्षं पडून राहतो आणि कधीतरी त्याच नसेच्या वाटेने कातडीवर येतो. नस एका बाजूची, म्हणून फोडांचा पट्टा पाठीकडून निघून छातीच्या मध्यावर थांबतो. (प्रतिकारशक्ती फारच खालावली असेल तर फोड अंगभर पसरू शकतात, तेव्हा सरळ हॉस्पिटल.) वेढा असा पुरा होतच नाही, आणि फोडही आठ-दहा दिवसांत खपली धरतात. मांत्रिक हरणार कसा?

आता दारं. पहिलं फॅमिली डॉक्टरचं, ते वर आलंच. चारही दारं मी एकाच पेशंटला सांगितली नव्हती. फोड कुठे आलेत आणि दुखणं किती जुनं आहे, त्यावर दार ठरतं. कपाळावर, पापणीवर, विशेषतः नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर, डोळा लाल नसला तरी. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला एकाच नसेच्या फांद्या जातात. कानात फोड आणि तोंड वाकडं झालं, तर कान-नाक-घशाचे.

उरलेलं दार दुखण्याचं, आणि ते मी आईमुळे ओळखतो. तिला आधी डाव्या छातीत कळ आली, फोड नव्हतेच, म्हणून ईसीजी काढला. तो नॉर्मल. चौथ्या दिवशी फोड उठले. शेजारच्या काकूंनी गेरू लावला आणि त्यात आणखी चार दिवस गेले. पुढे डाग विरले, कळ राहिली. पदराचा काठ लागला तरी 'विस्तव ठेवलाय' म्हणायची. तीन महिन्यांनंतरही असं दुखत असेल तर ते दुखणं कातडीचं नसतं, नसेचं असतं, आणि साध्या वेदनाशामकांना ते फारसं दाद देत नाही.

न्यूरॉलॉजिस्टचं, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांचं, नाव काढलं तर आई म्हणाली, 'माझं डोकं ठिकाणावर आहे.' गेलो कसेबसे. त्यांनी अमिट्रिप्टिलीन दिलं; केमिस्ट बोलून गेला की ही डिप्रेशनची गोळी, झालं, आठवडाभर ती डबीतच राहिली. कमी डोसमध्ये तीच गोळी नसेच्या दुखण्यावर देतात. पुढे प्रीगॅबालिन आलं, तेही नसेच्या दुखण्यावरचंच. त्याने आराम पडला, पण रात्री उठताना तिचा झोक जायचा, म्हणून डोस मुंगीच्या पावलांनी वाढवला. शेवटी पेन क्लिनिक. तिथले डॉक्टर बहुधा मुळात भूलतज्ज्ञ असतात हे मला तेव्हाच कळलं. नसेला बधिर करणारं इंजेक्शन आणि कातडीवर चिकटवायच्या लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाच्या पट्ट्या, यांवर ती हळूहळू अंगभर पदर घ्यायला लागली. तोवर चौदा महिने उलटले होते.

विषाणूविरोधी गोळ्या वेळेत घेतल्या असत्या तर हे टळलंच असतं, असा माझा दावा नाही. फोड लवकर सुकले असते, सुरुवातीची कळ कमी झाली असती, एवढं नक्की.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या वडिलांचे फोड आठ दिवसांत गेले, असं तुम्ही लिहिलंत. कळ किती दिवस होती?