‘कॉइलिंग यशस्वी, मग पुन्हा दोनदा कॅथलॅब का?’ : रुग्णालयाचं उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की मेंदूतल्या धमनीचा फुगा फुटून रक्तस्राव झालेल्या रुग्णाचं कॉइलिंग (फुग्यात बारीक तार भरून तो बंद करणं) यशस्वी झाल्याचं सांगूनही सातव्या दिवशी त्याची वाचा गेली आणि उजवा हात लुळा पडला. मग दोनदा कॅथलॅबमध्ये (धमनीतून बारीक नळी घालून उपचार करतात ती खोली) नेलं, त्याचं बिल वेगळं लावलं, रक्तस्राव झालेल्या माणसाचं बीपी मुद्दाम वाढवलं आणि गोळ्यांसाठी रात्री-अपरात्री उठवलं. रुग्णाचे तपशील इथे उघड करता येत नाहीत, म्हणून या आजारात असं का करावं लागतं तेवढंच लिहितो.

कॉइलिंगने धमनीचा फुगा बंद होतो आणि तो पुन्हा फुटण्याचा धोका खूप कमी होतो. पण मेंदूभोवती सांडलेलं रक्त तिथेच राहतं. त्यातल्या तांबड्या पेशी हळूहळू फुटतात आणि सुटलेल्या हिमोग्लोबिनमुळे जवळच्या धमन्या आकसतात. हाच व्हॅसोस्पाझम. तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास तो सुरू होतो, सातव्या ते दहाव्या दिवशी जोरात असतो आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. रक्ताचा थर जाड असेल तर धोका जास्त. म्हणजे सातव्या दिवशी बिघडणं हे कॉइलिंग फसल्याचं लक्षण नव्हे.

रात्री उठवून देतात त्या गोळ्या निमोडिपिनच्या. हे औषध ६० मिलिग्रॅम दर चार तासांनी, २१ दिवस द्यायचं असतं. त्याने धमनी फारशी रुंद झालेली दिसत नाही, पण मेंदूची हानी कमी होते. रात्रीचा डोस गाळला तर औषधात खंड पडतो. बीपी उतरू लागलं तर ३० मिलिग्रॅम दर दोन तासांनी देतात, मग झोपमोड आणखी वाढते. त्याला इलाज नाही.

बीपीबद्दलची तुमची शंका रास्त आहे. फुगा उघडा असताना बीपी आटोक्यातच ठेवावं लागतं. तो बंद झाल्यावर, आकसलेल्या धमनीपलीकडे रक्त पोचेनासं झालं आणि लक्षणं दिसू लागली, की नॉरअॅड्रेनलिन या औषधाने दाब वाढवतात, हृदयाकडे लक्ष ठेवून. सलाईन मात्र शरीरात पाणी कमी पडू नये इतकंच. जादा दिलं तर फुप्फुसात पाणी होतं. सोडियम उतरलं म्हणून पाणी तोडणं तर इथे घातकच, कारण अनेकदा मीठ लघवीवाटे जात असतं.

डॉप्लरवर (ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणारी तपासणी) मेंदूच्या मधल्या धमनीतला रक्ताचा वेग सेकंदाला १२० सेंटिमीटरच्या वर गेला की संशय येतो, २०० च्या वर गेला की तीव्र स्पाझम धरतात. ताप किंवा रक्त कमी असण्यानेही वेग वाढतो, म्हणून मानेतल्या धमनीशी तुलना करतात. तिप्पटीहून जास्त असेल तर स्पाझमच. कॅथलॅबला नेण्याआधी सीटी करून मेंदूत पाणी साचलेलं नाही ना हे पाहतात. सोडियम आणि फिट येण्याची शक्यताही तपासतात, कारण या सगळ्यांत रुग्ण असाच सुस्त होतो.

दोनदा का? कॅथेटरमधून, म्हणजे त्या बारीक नळीतून, धमनीत सोडलेलं व्हेरापामिल किंवा मिल्रिनोन हे औषध धमनी उघडतं, पण त्याचा असर काही तासांत उतरू शकतो. आकसलेल्या धमनीत बलून फुगवून ती रुंद केली तर तो परिणाम टिकतो. मात्र बलून मुळाजवळच्या जाड धमन्यांतच चालतो. पुढच्या बारीक फांद्यांत फुगवला तर धमनी फाटू शकते आणि ते जिवावर बेततं. तिथे औषधच सोडावं लागतं, आणि लक्षणं परतली तर पुन्हा. मेंदूचा भाग आधीच मेला असेल, तर धमनी उघडल्यावर तिथे रक्तस्रावाची भीती असते, म्हणून वेळ दवडता येत नाही.

प्रत्येक वेळी कॅथेटर आणि वायर नव्या लागतात, त्यामुळे बिल वेगळं होतं. पण ही शक्यता पहिल्या अंदाजपत्रकात लिहायला आणि दाखल केल्याच दिवशी तुम्हाला समजावून सांगायला हवी होती. ते झालं नाही, ही आमची चूक आहे आणि त्याबद्दल मनापासून माफी मागतो. बोलत्या माणसाची वाचा डोळ्यांदेखत जाते तेव्हा घरच्यांना आधीपासून कल्पना असणं फार गरजेचं असतं. यापुढे ते संमतिपत्रातच लिहून देतो आहोत.

फाइल घेऊन या. औषध सोडण्याआधीची आणि नंतरची अँजिओग्राफीची चित्रं शेजारी-शेजारी लावून दाखवू, आणि बिलाची प्रत्येक ओळ तुमच्यासमोर तपासू.