सात दाबा, पुन्हा सात दाबा

ऑसिलोस्कोपबद्दल (विजेच्या सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) तक्रार नाही हो. चिडचिड होते ती त्याच्या ड्रायव्हरची, म्हणजे विंडोजशी त्याची ओळख करून देणाऱ्या सॉफ्टवेअरची! यूएसबी खोचली की विंडोज ११ च्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण हजर. कंपनीने दिलेला ड्रायव्हर विंडोज ७ च्या जमान्यातला, तोही सीडीवर (लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह उरलाय कुठे?), आणि डिजिटल सहीचा पत्ता नाही; सहीशिवाय विंडोज ड्रायव्हर चालूच देत नाही. मग शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, स्टार्टअप सेटिंग्ज, आणि सहीची तपासणी बंद करायला सात दाबा. मध्येच बिटलॉकरने (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ आकडी किल्ली मागितली तर ती शोधत बसा. एवढं करून लहर दिसली, की वाटतं सुटलो. छे! ही सूट पुढच्या रीस्टार्टपर्यंतच. सकाळी पुन्हा त्रिकोण, पुन्हा सात.

सिगरॉक या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातले लोक पदरमोड करून कितीतरी स्वस्त लॉजिक अ‍ॅनालायझर (डिजिटल सिग्नल तपासणारी यंत्रं) विंडोजच्याच विनयूएसबी या तयार ड्रायव्हरवर चालवून दाखवतात. आणि ज्यांनी आपल्याकडून रोख पैसे मोजून घेतले, त्यांना ड्रायव्हरवर एक सही आणवत नाही? मेल केला तर उत्तर काय, तर "विंडोज ७ वर चालवून बघा." अहो, त्याचे अपडेट्स २०२० मध्येच बंद झालेत!